आवाजाचा पंप

३ जानेवारी, शनिवार

बेबे, ही वही तुया हाती येईन तेव्हा तू पहिले चष्मा शोधशीन. डोक्यावर पाह्य. तिथंच असते तो.

वही माझी आहे, माझ्यासाठी आहे. मले एकही अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते अन् रेखा लिहिते. सून शाळेतून आली, चहा झाला, की मग आमच्या दोघींची शाळा. लिहितांनी ती माझ्या बोलण्याले इस्त्री करते, तेवढं चालवून घेते मी. पण तू फोनवर एकच गोष्ट तीन खेपा विचारतं अन् चौथ्या खेपेले म्हणतं, "आई, मले कोणी सांगितलंच नाई." म्हणून कागदावर असू दे. नंतर कधी अकोल्याले धाडीन.

आजचं. सकाळी तुया बाबाले आंघोळ घालतांनी गडवा माझ्या हातातून सुटला. पितळेचा, भरलेला. त्याईच्या पायावर पडला. अंगठा निळा झाला.

"लागलं का?"

"नाई."

 दिवाळीत लकव्यानं त्याईचा उजवा हात गेला, तेव्हापासून त्याईच्या अंगावर पाणी मीच घालते. अन् माझा खांदा असा, की हात वर नेला का आतून कोणी दोरी ओढल्यावानी होते. डॉक्टर म्हणते वजन उचलू नका. त्याले म्हणाले काय लागते.

संध्याकाळी तुले फोनवर सांगितलं, ही माझी चुकी. तू एकदम चढलं. "बस झालं आई. महिना संपला की रविवारी गाडी घेऊन येते, तुमाले दोघाले अकोल्याले आणते. इथं न्हाणी मोठी हाय, बाई लावून देऊ."

फोनचा आवाज मोठा असते. तुये बाबा पलंगावरून ऐकत होते. त्याईनं भिंतीकडे तोंड केलं.


५ जानेवारी

रोजचा कार्यक्रम, लिही रेखा. न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची. त्याईले डाव्या बाजूनं धरून बसवायचं. बादलीत विसण घालायचं. पहिला गडवा पायावर, मग पाठीवर, डोक्यावर सगळ्यात शेवटी. डोक्यावर घालतांनी माझा हात वर जाते, तिथंच घोडं अडते.

मागच्या महिन्यात सुधाकरनं एक माणूस लावून पाहिला होता. चांगला पांढऱ्या कपड्यातला. तुये बाबा त्याले बंडीची गुंडी काढू देत नाहीत. लकव्यानं बोलणं जड झालं आहे, तरी त्याले म्हणाले, "मी काय गाडीचा डबा हाय का, धुवायले?" माणूस दुसऱ्या दिवशी आला नाही.

सुधाकर रविवारी घालते आंघोळ. बाकीचे दिवस त्याची सातची गाडी. रोज बडनेऱ्याहून अकोल्याले बँकेत जाते तो, तुया गावाले, अन् तुमी भाऊ-बहीण महिन्यातून एकदा भेटता. शाब्बास दोघाईची. तो बापाले आंघोळ घालते तेव्हा बाप लाकडासारखा बसते अन् लेक दुसरीकडे पाहते. दोघंही घामाघूम.

माझ्यापाशी नाही तसं. पण माझ्यापाशीही डोळे मिटून घेतात.

साठ वर्षं होत आली लग्नाले. या माणसाची पाठ मी कधी नीट पाहिली नव्हती. उजव्या खांद्याखाली दोन तीळ आहेत, एक मोठा, एक त्याचं पिल्लू. हे लिहू नको म्हणलं तर रेखानं आधीच लिहून टाकलं.


६ जानेवारी

आज रेखा म्हणे, "आई, न्हाणीत शॉवर हाय ना. बाबा त्याच्याखाली खुर्चीत बसले तर आपल्या आपण नाही का करणार? डाव्या हातानं चावी फिरवली, झालं."

शॉवर आहे. घर बांधलं तेव्हा सुधाकरनं हौसेनं बसवला. पण टाकी स्लॅबवर अशी बसली आहे जशी का म्हातारी उंबऱ्यावर. उंचीच नाही. शॉवर सोडला की चार थेंब, मग चार थेंब. त्यापेक्षा वासराच्या नाकातून जास्त गळते.

तुये बाबा ऐकत होते. पलंगावरून म्हणाले, "दाब नाई." अन् मग पुन्हा, "दाब पायजे."

दिवाळीपासून त्याईनं स्वतःहून काही पाहिजे म्हणलं नव्हतं. जेवण नाही, पाणी नाही. आज पहिल्यानं म्हणले. दाब पायजे.


७ जानेवारी

सलीमभाईले बोलावलं. बारा वर्षं झाले, आपल्या घरचे नळ तोच पाहते. छतावर गेला, खाली आला, हात पुसत म्हणे, "माँजी, टाकी तो स्लॅब पे च बैठी हाय. प्रेशर कहाँ से आएगा?"

तुये बाबा म्हणे, "टाकी उंच कर. दहा फूट."

"बाबूजी, स्लॅब नहीं झेलेगा."

"इंजिनाची टाकी पाह्यली का कधी? मूर्तिजापूरची?"

"नहीं बाबूजी."

"मंग."

झालं. दहा मिनिटं मूर्तिजापूर. तुले माहीत आहे, पण तू विसरली असशीन: तुये बाबा रेल्वेत पंप खलाशी होते. बडनेऱ्याले बदली झाली त्याच्या आधी मूर्तिजापूरले, शकुंतला गाडीच्या इंजिनाले पाणी द्यायचं ते त्याईच्या पंपानं. विहिरीतून उंच टाकीत, टाकीतून हत्तीच्या सोंडेवानी नळातून इंजिनाच्या पोटात. तोंड वाकडं झालं, शब्द फुटत नाहीत, पण पंपाचं बोलायचं म्हणलं की शब्द बरोबर सापडतात.

मग सलीमभाई हळूच म्हणे, "सीधा रस्ता एक हाय. म्युनिसिपालटीच्या नळावरच मोटार लावून देतो. बहुत लोग लगाते."

त्यावर हे असे काही ओरडले का मी दचकली. "चोट्ट्या! नळाले मोटार नाई लावायची! पलीकडच्या बाईच्या बादलीतलं पानी ओढशीन का तू?"

सलीमभाईनं कानाले हात लावले. "नहीं बाबूजी. लोग लगाते, म्हणून बोललो."

शेवटी ठरलं ते असं. टाकीतून जो पाइप न्हाणीत येते, त्याच्यावर एक लहान पंप बसवायचा. शॉवर उघडला की आपला आपण चालू, बंद केला की बंद. टाकीतलंच पाणी, फक्त जोरानं. बटण नको, काही नको.

सलीमभाई गेल्यावर हे डाव्या हातानं हवेत चावी फिरवून पाहत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.


१० जानेवारी, दुसरा शनिवार

सुधाकरले सुट्टी. रिक्षा करून अमरावतीच्या बाजारात गेलो, पंप पाहायले. मी म्हणलं तुमी घरी बसा. म्हणे, "पंप मी निवडीन." चार पायाची काठी घेऊन दुकानाची एक पायरी चढायले एवढा वेळ लागला, की दुकानदारानं तोपर्यंत चहा मागवून ठेवला.

दुकानदारानं बादलीत पाइप सोडून दोन पंप चालवून दाखवले. एकाचा आवाजच नाही. चालू आहे का बंद, हात लावल्याशिवाय कळत नाही. दुसरा घुंऽऽ करते, पीठगिरणी लांब असल्यावानी.

तुया बाबानं डावा तळवा दुसऱ्यावर ठेवला. डोळे मिटले. "हा."

मी म्हणलं, "तो. मुका."

"पंपाचं दुखणं आवाजात कळते. मुका पंप मरते तेव्हाच कळते."

"अन् तुमचं दुखणं? तुमी आत पडसान, पंप घुंऽऽ करत राहीन. मले बाहीर काय ऐकू येईन, सांगा."

दुकानदार छताकडे पाहायले लागला. सुधाकर चहाकडे.

 पडायची गोष्ट आपल्या घरात मी पहिल्यानं तोंडातून काढली, तीही भर दुकानात. आता वाटते घरी बोलायची होती.

मुका पंप घेतला. रिक्षात त्याईनं तो मांडीवर धरला होता, मनाचा नव्हता तरी.


१३ जानेवारी

पंप बसला. बसला म्हणजे भिंतीले बसला, पाणी काही येईना.

सलीमभाईनं दोन तास खटपट केली. पाइप कापले, जोडले, चिकटवले, घरात त्या चिकटपट्टीचा अन् डिंकाचा वास. शॉवर सोडला तर कोरडा. पंपाले हात लावला तर थरथरते. सलीमभाई म्हणे, "माल खराब दिया माँजी, वापस करो."

हे खुर्चीत बसून पाहत होते, न्हाणीच्या दारात. म्हणे, "हवा."

"क्या बाबूजी?"

"हवा धरली त्यानं. पोटात. हवा काढ."

सलीमभाईले उमजेना. मग तुये बाबा उठले. मी धरायले गेली तर माझा हात बाजूले केला. काठी टेकत पंपापाशी गेले, पंपाच्या डोक्यावरचा एक बारका स्क्रू दाखवला. पान्याले डावा हात लावला, अन् हळूहळू ढिला केला. फुस्स. मग फुर्रर्र. मग पाण्याची बारीक धार त्याईच्या बंडीवर. तेव्हा कसला.

"सोड आता."

शॉवर सुटला तो असा सुटला का खालची बादली उलटी झाली. सलीमभाई अर्धा भिजला. "उस्ताद!" म्हणे. "बाबूजी, मेरे साथ चलो काम पे."

हे म्हणे, "रोजी काय देशीन?"

दिवाळीपासून पहिल्यानं हसले. वाकडं, पण हसले.


१४ जानेवारी

शेजारच्या शोभाकडे हळदीकुंकू. वाण काय दिलं तर प्लास्टिकचा मग्गा. हिरवा. मी म्हणलं, "बाई, कालच पंप बसला न् आज तू मग्गा देतं!" सगळ्या हसल्या. आणून न्हाणीत खुंटीले टांगला.

पण त्याच्या आधी सकाळी जे झालं ते.

पहिली आंघोळ. मी टॉवेल ठेवला, साबण डाव्या हाताच्या उंचीवर ठेवला, बंडीच्या गुंड्या काढून दिल्या. मग म्हणे, "बाहीर जा."

गेली. अन् आतून कडी लागली.

ठरलं नव्हतं ते. मी दाराबाहेर पाट टाकून बसली. मुका पंप, काही ऐकू येत नाही, नुसतं पाणी. थोड्या वेळानं म्हणलं, "अहो." काही नाही. "अहो, ऐकलं का?" काही नाही. रेखा शाळेत, सुधाकर गाडीत. माझ्या डोळ्यासमोर फरशी आली. चांगला खांदा दाराले लावला अन् दिला धक्का. कडी खिळ्यासकट निघून आली.

हे खुर्चीत बसलेले. डोक्यावर साबणाचा ढीग, डोळे मिटलेले, गालात पाणी. म्हणून बोलत नव्हते. गुळणी करत होते.

गुळणी टाकली अन् म्हणाले, "बाहीर!"

पंपाची गोष्ट सोडली तर एवढा चोख शब्द तीन महिन्यात नव्हता निघाला.


१५ जानेवारी

अबोला. मी चहा दिला तर कपाले म्हणाले, "काही लोकाईले दार वाजवता येत नाई." कपानं काही उत्तर दिलं नाही. मीही नाही.


१९ जानेवारी

तीन दिवस नळ आला नाही. कुठंतरी लाइन फुटली म्हणतात. टाकी संपत आली, कोणाच्या ध्यानात नाही. सकाळी आंघोळीत पाणी मधीच गेलं. मी जाऊन अंग पुसून दिलं, बाहेर आणलं, अन् त्या घाईत शॉवरची चावी उघडीच राहिली. कोणाच्या हातून, ते सांगत नाही. माझ्या.

टाकीत थेंब नाही, पाइप कोरडा, अन् आतमधी पंप फिरून राहिला. दाब बनला का तो थांबते, पण पाण्याबिगर दाब कसा बनणार. मुका असल्यामुळं कोणाले पत्ता नाही. मी कणिक भिजवत होती.

तुये बाबा पलंगावर होते. पलंगाच्या पाठीमागेच न्हाणीची भिंत. त्याईनं भिंतीले हात लावला. मग मले हाक मारली, "ओ! पंप!" मी गेली तर जळका वास. वायर ओढली.

सलीमभाई येऊन पाहून गेला. आतून सगळं गेलं. कोरडा चालला तर दुकानवाला बदलून देत नाही.

मी दिवसभर वाट पाहिली, का आता म्हणतील, मी सांगितलं होतं. जेवतांनी म्हणतील, झोपतांनी म्हणतील. नाही म्हणाले.

म्हणले असते तर बरं झालं असतं.


२१ जानेवारी

पुन्हा बादली. पितळेचा गडवा मी वर ठेवून दिला, शोभाचा हिरवा मग्गा काढला. हलका आहे. वाण कामी आलं.

डोक्यावर घालतांनी माझ्या तोंडून 'स्स' निघालं. इतकंसं. त्याईनं डोळे उघडले. आंघोळीत कधी उघडत नाहीत.

"दुखते?"

"नाई."

"खोटं बोलतं."

"तुमी अंगठ्याचं खरं बोलले होते का?"

मी साबण लावला. पाठ, ते तीळ, मान. मग हे म्हणाले, भिंतीकडे पाहत, एक एक शब्द काढून, "बेबीले सांग. येतो म्हणावं. अकोल्याले."

"कावून?"

"तुया खांद्यासाठी."

बेबे, हा माणूस तुया घरी एका रात्रीच्या वर कधी राहिला नाही. तू म्हणायची, बाबा, जेवून जा, तर म्हणायचा, गाडीची येळ झाली. रिटायर झाल्यावरही त्याईच्या गाडीची वेळ व्हायची. जावई चांगला, घर मोठं, सगळं खरं. पण दुसऱ्याच्या घरी हा माणूस पाणीही मागून पीत नाही. तिथं जाऊन राहतो म्हणते, माझ्या खांद्यासाठी.

मी म्हणलं, "तुमी तोंड बंद ठेवा. साबण जाईन."

डोक्यावर पाणी घातलं. दोन मग्गे जास्तच. माझं तोंड त्याईले दिसू नये म्हणून.


२२ जानेवारी

सुधाकरले सांगितलं, शनिवारी दुसरा पंप आणायचा. तो म्हणे, "आई, बाबा तर हो म्हणले ना जायले? मंग कायले?"

"तुया बापानं हो म्हणलं, मी नाही म्हणलं."

"कोणता आणू?"

"घुंऽऽ करणारा."

पलंगावर कोणी कूस बदलली.


२४ जानेवारी, शनिवार

घुंऽऽ आला. सलीमभाईनं बसवला. हवा कोणी काढली, ते सांगायले नको. सलीमभाई पाना घेऊन उभाच राहिला, 'उस्ताद, आप' म्हणून. टाकीले एक तरंगता गोळाही लावला, पाणी खाली गेलं का पंपाची वीज आपोआप बंद. तो गोळा तुया बाबानं सांगितला. आधी कावून नाही सांगितला म्हणलं तर म्हणे, "इचारलं कोनी?"

चालू केला तर शोभा भिंतीवरून डोकावली. "काकू, गिरणी टाकली का?"

"हौ. दळण घेऊन ये."

पण बेबे, तो आवाज सुरू झाला अन् मी ओट्यापाशी उभी होती, ती तशीच राहिली. मूर्तिजापूरचं क्वार्टर. एक खोली, पुढं पडवी. पंपघर तिकडं लाइनीच्या पलीकडे. दिवसभर तिकडून घुंऽऽ यायचं. ऐकू येत नसायचं, इतकी सवय. पण थांबला की लगेच कळायचं. पंप थांबला का मी तव्यावर भाकरी टाकायची. भाकरी फुगायची अन् दारात चपला वाजायच्या. कधी चुकलं नाही. तू पाळण्यात होती, तुले काय आठवणार. तुले तर परवाचं आठवत नाही.

मग दुकानात मी त्या आवाजाले नको कशी म्हणली, हे मले आता समजत नाही. भेव माणसाले बहिरं करते. (रेखा म्हणते छान वाक्य आहे. मी म्हणलं, लिहायचं तर लिही, मान नको हलवू.)


२५ जानेवारी

आज नव्या पंपाची आंघोळ. कडी तुटलेलीच आहे. मी सलीमभाईले लावायले सांगणार होती, तर हे म्हणाले, "राहू दे." बस. दार नुसतं लोटलं. मी बाहेर पाटावर.

घुंऽऽ. चांगलं चाललं. मग थांबला. मग घुंऽऽ. मग थांबला. पुन्हा घुंऽऽ. मले वाटलं, गेला, हाही गेला. सुधाकरले म्हणलं सलीमभाईले फोन लाव, नवा पंप आचके देऊन राहिला. रविवारच्या दिवशी बिचारा जेवण सोडून आला.

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. सलीमभाई पाना घेऊन उभा.

"हा कावून आला?"

"पंप बिघडला ना. बंद पडते, चालू होते."

"मी करून राहिलो होतो."

"तुमी? कावून?"

"सांगून राहिलो होतो तुले."

"काय?"

"मी हाय म्हणून."

सलीमभाई म्हणे, "माँजी, मैं चाय पीके जाता." त्याले जेवायलेच वाढलं.


२६ जानेवारी

करार झाला. लिही रेखा, नीट लिही, सही माझी अंगठ्याची.

दार लोटलेलं राहीन, कडी नाही. मी आत जाणार नाही, हाकही मारणार नाही. हे मधून मधून शॉवर बंद करून पुन्हा सोडतील, दोन खेपा. म्हणजे ठीक. पंप एकसारखा चालू राहिला, नाहीतर एकसारखा बंद राहिला, तर मी शंभर मोजीन. शंभर झाले का आत.

"पन्नास ठेवा," मी म्हणलं.

"दोनशे."

"मेल्यावर येऊ का?"

"शंभर."

अक्षर मले येत नाही, शंभर येतात. अंबाडीच्या जुड्या बांधून शिकली. हळू मोजायचं का भराभर, हे करारात नाही. ते मी माझ्याजवळ ठेवलं.


२८ जानेवारी

तीन दिवस बरोबर चाललं. वीस, बावीस, एकदा पस्तीस. हात रिकामे असतात तर मी पाटावर बसून लसूण सोलते. आज एवढा लसूण सोलला का रेखा म्हणे, आई, लग्न आहे का कोणाचं?

खरं सांगू का. बरं वाटते, अन् बरं वाटतही नाही. त्याईची पाठ आता त्याईची. मले दिसत नाही.


२९ जानेवारी

आज पंप थांबला. मी मोजायले लागली. वीस. तीस. लसूण खाली ठेवला. पन्नास. हळू मोजायचं ठरवलं होतं, पण आकडे आपोआप पळायले लागले. सत्तर. उठून उभी राहिली. ऐंशी. दारावर हात ठेवला. आतून काही नाही, ना पाणी, ना खुर्ची. रेखा, तेव्हा मले तुया शाळेतल्या देवीपासून तर आमच्या गावच्या मारुतीपर्यंत सगळे आठवले. नव्वद. एक्क्याण्णव.

घुंऽऽ. थांबला. घुंऽऽ. थांबला.

मी खालीच बसली, फरशीवर, पाट सोडून.

बाहेर आले तर मी तोंड सोडलं. जे जे येते ते सगळं. शंभराचा करार म्हणजे नव्व्याण्णवपर्यंत माणसाचा जीव घ्यायचा काय, म्हणलं. हे ऐकून घेत होते. टॉवेलनं डोकंही पुसलं नव्हतं, पाणी गळत होतं. मग त्याईनं माझ्या नाकासमोर हात आणला.

"हुंग."

"काय हुंग?"

"हुंग म्हनतो ना व."

हुंगला. साबणाचा वास.

मग पाहिलं. उजवा होता.

साबण खाली पडला होता. डाव्यानं उचलायचं सोडून उजव्यानं उचलत बसले. पडला, उचलला. पडला, उचलला. शॉवर सोडायचं विसरले. पुरा उचलला नाही म्हणे, दोन बोटात धरला, वीतभर वर आला अन् पुन्हा पडला.

वीतभर. मी बोटं पुसून दिली, अन् पुसतांनी दाबून पाहिली. त्याईनं माझी उलटी दाबली का नाही, ते अजून माझं मलेच सांगता येत नाही. मले वाटलं दाबली.


३० जानेवारी, शुक्रवार

वही भरली नाही, तरी उद्या धाडते. सुधाकर सातच्या गाडीनं नेईन, दुपारी तुया घरी पोचवीन. परवा रविवार, तुयी गाडी यायचा दिवस. म्हणून म्हणलं त्याच्या आधी वाच.

मी तुले ये म्हणत नाही, येऊ नको म्हणत नाही. माझा खांदा दुखते, ते खोटं नाही. गुंड्या अजून मीच काढते. फरशी ओली असते. पाय सटकणार नाही असं मले कोणी लिहून देणार नाही, अन् दिलं तरी मी वाचणार कशी. त्याईनं जायले हो म्हणलं आहे, ते परत घेतलं नाही. मी विचारलंही नाही. आज दुपारी माझी पत्र्याची पेटी पलंगाखालून बाहेर काढली त्याईनं, एका हातानं ओढत. जायसाठी काढली का नुसती पुसायले, कोण जाणे. पुसून तशीच ठेवली आहे, मधोमध. येता-जाता पायाले लागते.

आलं तर सकाळी लवकर ये, त्याईच्या आंघोळीच्या वेळेवर. बाबाले हाक मारू नको. न्हाणीबाहेर माझ्या बाजूले बस. पाट दुसरा आहे. बोलू नको, ऐक, अन् मोज. मग पेटी गाडीत ठेवायची का पलंगाखाली, ते तू सांग.

अन् उद्या संध्याकाळी सुधाकरच्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा धाड. दोन किलो धाड. मिठात उकडल्या का तुया बाबाले आवडतात, हे तरी आठवते ना? तुले सवय आहे, सोलून, निवडून, डब्यात भरून द्यायची. सोलू नको. एकही सोलू नको. शेंगाच धाड, टरफलासकट. सोलणारा घरी आहे.